अकरा लाखांच्या स्पीकरमधून बाईंचा आवाज

गेल्या ऑगस्टमध्ये मी ११ लाख ६० हजारांचे स्पीकर ऐकायला मुंबईला गेले. एकटीच गेले. आमच्या घरातली सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे गाडी, आणि तीसुद्धा एवढ्याची नाही. बँकेतून निवृत्त होऊन चार महिने झाले होते, ग्रॅच्युइटी एफडीत पडून होती, आणि माझ्याकडे चार कॅसेटी होत्या.

कॅसेटींचं आधी सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मी मिरजेची. १९७८ पासून नऊ वर्षं मी बाईंकडे गाणं शिकले. बाईंचं नाव गावाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी रेकॉर्ड काढली नाही, आकाशवाणीची ऑडिशन दिली नाही. सकाळी घरचं आवरायचं आणि अकरापासून दिवेलागणीपर्यंत शिकवायचं, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं. १९८७ साली माझं लग्न ठरलं तेव्हा मी बाबांच्या मागे लागून कुणाचा तरी टू-इन-वन मागून आणवला आणि ओळीने चार रविवार बाईंच्या माजघरात बसून त्यांचं गाणं टेप केलं. बाई १९९४ मध्ये गेल्या. नव्वद मिनिटांच्या त्या चार कॅसेटी सोडल्या तर बाईंच्या आवाजाचं या जगात काहीही उरलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी भाच्याने त्या संगणकावर उतरवून दिल्या. स्वयंपाक करताना मी त्या फोनवर लावायचे, आणि दर वेळी वाटायचं, हा काही बाईंचा आवाज नव्हे. बाईंचा आवाज अंगावर यायचा. त्यांनी षड्ज लावला की शेजारच्या तांब्यावरचं फुलपात्र किणकिणायचं, हे मी स्वतः पाहिलंय. बाई काळी चारमध्ये गायच्या, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज, त्यांचा "सा". त्या पट्टीचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २०८ कंपनांवर येतो आणि तंबोऱ्याचा खर्ज, सगळ्यांत खालचा सा, त्याच्या निम्म्यावर, १०४ वर. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला १०४ हर्ट्झ जवळजवळ झेपतच नाहीत. तरी आपल्याला खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्याच्या वरचे सहायक नाद ऐकून मेंदू खालचा स्वर आपला आपण भरून काढतो. कानाची ही मोठीच सोय आहे. पण असा भरून काढलेला खर्ज फुलपात्र हलवत नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा तरी बाईंना नीट ऐकायचं, लागतील तेवढे पैसे लावून, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता "चांगला आवाज" म्हटल्यावर मी साध्या दुकानात न जाता थेट डिझायनर स्पीकरांकडे का वळले? त्याचं मूळ दादरला आहे.

आमच्याकडे मिरजेला बाबांनी हप्त्यांवर घेतलेला रेकॉर्ड प्लेअर होता. लाकडी पेटी, वर झाकण. आईने त्याच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला होता, पांढरा, चारी कोपऱ्यांना लोंबते गोंडे. रेडिओला तसलाच, पण धाकटा. रेकॉर्ड लावायची म्हणजे आधी रुमालाची नीट चौपदरी घडी करून बाजूला ठेवायची, मग झाकण उघडायचं. त्या काळी पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक दरवर्षी नवं करून आणावं लागे. ते पुस्तकही त्याच रुमालाखाली. घरातल्या आवाजाच्या वस्तूला बैठकीत मानाची जागा द्यायची, तिला सजवायचं, हे मला कुठल्या परदेशी मासिकाने शिकवलेलं नाही. ते आईनेच शिकवलं.

आणि माझा आत्येभाऊ बोटीवर होता. दादरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये मी बारा वर्षांची असताना पहिल्यांदा गेले, तेव्हा टीपॉयवर एक चपटी, रुंद, चकचकीत पट्टी पडलेली दिसली. मला वाटलं ट्रे आहे. दादाने बोट टेकवलं. कुठलंही बटण आत गेलं नाही, नुसतं बोट टेकवलं, आणि दोन सडपातळ दांड्या एकमेकींना धरून रेकॉर्डवरून सरळ रेषेत आत सरकल्या. नेहमीच्या प्लेअरचा हात कसा कमानीत फिरतो? तसं नव्हे, अगदी सरळ. मग त्यातल्या एकीने सुई खाली ठेवली, इतक्या अलगद की आईने झोपलेल्या बाळाला खाली ठेवावं.

ते बँग अँड ओलुफ्सेनचं बिओग्राम ४००० होतं, हे मला फार नंतर कळलं. पीटर बँग आणि स्वेंड ओलुफ्सेन या दोन तरुण इंजिनिअरांनी १९२५ मध्ये डेन्मार्कमधल्या स्ट्रूअर या गावी ही कंपनी काढली. ४००० हे यंत्र १९७२ चं, याकोब येन्सेन याने रेखाटलेलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ते आपल्या संग्रहात घेतलं आहे. त्या दोन दांड्यांचं रहस्यही नंतरच समजलं. रेकॉर्ड मूळात कापली जाते तेव्हा कापणारी सुई कडेकडून मध्याकडे सरळ रेषेत जाते. तर ऐकणाऱ्या सुईनेही त्याच रेषेत का जाऊ नये, हा त्यामागचा विचार. आणि पुढची दांडी म्हणजे डोळा. तिच्यातला प्रकाश तबकडीवर पडून परत येतो, त्यावरून तिला कळतं की रेकॉर्ड ठेवली आहे की नाही आणि ठेवली असेल तर केवढी. रिकाम्या तबकडीवर ती सुई उतरूच देत नाही. म्हणजे माझ्या डोळ्यांत भरलेलं जे सौंदर्य होतं, त्यातलं निम्मं तरी कामातून आलेलं होतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जर्मनीत १९५६ साली ब्राऊन कंपनीने डीटर रॅम्स आणि हान्स गुगेलोट या डिझायनरांकडून एक रेडिओ-फोनो, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र, करून घेतला. त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण होतं. लोकांनी त्याला "हिमगौरीची शवपेटी" म्हटलं, आणि पुढे जगभरच्या प्लेअरांनी तसली झाकणं घातली. ते झाकण आधी पत्र्याचं करायचं ठरलं होतं. पत्रा आवाजाबरोबर थरथरायला लागला, म्हणून ॲक्रिलिक आलं. आज ज्याला आपण देखणं म्हणतो ते तेव्हा थरथरणाऱ्या पत्र्यावरचं उत्तर होतं. असल्या देखणेपणासाठी मी पैसे मोजायला आनंदाने तयार आहे, आणि त्याच आनंदात मी वंदे भारत पकडून मुंबईला गेले.

दुकान दक्षिण मुंबईत. नाव लिहीत नाही. आत शिरल्यावर विक्रेत्या मुलाने माझ्या मागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "सर येतायत ना?" मी म्हटलं, सर पुण्याला आहेत, स्पीकर मला हवेत. त्याने कॉफी दिली आणि मग पंधरा मिनिटं परदेशी गिटार ऐकवली. या दुकानांत आपलं गाणं लावायला कुणी उत्सुक नसतं. ज्या रेकॉर्डिंगवर वस्तू सगळ्यांत छान वाजते तेच ते लावतात, आणि माणूस तेवढं ऐकून चेक फाडतो. ज्या गाण्याचा एकेक श्वास आपल्याला पाठ आहे ते गाणं स्वतः घेऊन जावं. मी पेनड्राइव्ह काढून दिला. दुसऱ्या रविवारची कॅसेट, राग भूप.

पहिल्यांदा पंखा ऐकू आला. बाईंच्या माजघरातला पंखा, दर फेरीला एक बारीक "टक". मी छत्तीस-सदतीस वर्षांत तो विसरून गेले होते. मग तंबोरा. खर्जाची तार छेडली की ती विरत जाताना तिच्या पोटातून गांधार निघतो. कुणी लावलेला नसतो, तार बरोबर लागली आणि जवारी (तार जिच्यावर टेकते त्या घोडीची घासून साधलेली घडण) खुली असली की आपोआप येतो. स्वयंभू गांधार. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो नाद, म्हणजे आमच्या पट्टीत ५२० हर्ट्झच्या आसपासचा. बाई पहिल्या दिवशी मुलीला गायला लावत नसत, तो गांधार ऐकू येईपर्यंत नुसतं तंबोऱ्यापुढे बसवत. मला तो ऐकू यायला नऊ दिवस लागले होते. त्या दुकानात तो एका कॅसेटीतून आला, आणि त्यावर बाईंचा आवाज आला, आणि माझे डोळे भरून आले. मी ते लपवलं नाही. विक्रेत्या मुलाने आवाज थोडा कमी केला आणि उठून बाहेर गेला. चांगला होता तो मुलगा.

मी म्हटलं, घेते. पण आधी घरी आणून ऐकवा.

दोन माणसं टेम्पोतून घेऊन आली. एकेक स्पीकर ३८ किलोचा. बाहेरून ब्रशच्या फटकाऱ्यासारख्या बारीक रेघा असलेलं ॲल्युमिनियम, कडांना हात लावला तर कुठे कड संपते आणि गोलाई सुरू होते ते बोटाला कळू नये. हे काम सोपं नाही. ॲल्युमिनियम आम्लाच्या कुंडात बुडवून त्यातून वीज सोडतात, मग त्याच्याच पृष्ठभागावर एक कठीण थर चढतो, आणि रंग त्या थराच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतो. म्हणून तो रंग लावल्यासारखा दिसत नाही, धातूचाच वाटतो. माझ्या नवऱ्याने चष्मा वर करून पाच मिनिटं नुसती ती कड पाहिली. तो इंजिनिअर. म्हणाला, "यातले बरेच पैसे इथे गेलेत." तेव्हा मला ते टोचलं.

मग लावले. आणि तंबोरा चक्क घुमायला लागला. खर्जाची तार आली की सगळी खोली "बुंऽऽ" करून उठायची आणि त्या गोंगाटात जोडाच्या तारा, गांधार, बाई, सगळं बुडून जायचं. मुंबईत ऐकलेलं काही म्हणता काही नाही. मला वाटलं वायर उलटी लागलीय. आलेल्या माणसाने तपासली, बरोबर होती. तो जाता जाता म्हणाला, एक ८५ हजारांची केबल मिळते, तिने फरक पडेल. केबलवर मला फार शब्द खर्च करायचे नाहीत. घरातल्या चार-पाच मीटरला साधी जाड तांब्याची तार पुरते.

दोष खोलीचा होता. आमचा हॉल अकरा फूट रुंद, म्हणजे ३.३५ मीटर. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन सपाट भिंतींमध्ये तो मागे-पुढे आदळताना काही ठरावीक स्वर स्वतःवरच रचले जातात; अकरा फुटांच्या खोलीत पहिला असा स्वर ५१ हर्ट्झला, दुसरा त्याच्या दुप्पट, १०२ ला. आणि आमच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४. माझ्या बिल्डरने वीस वर्षांपूर्वी नकळत माझा हॉल काळी चारच्या खर्जात बांधून ठेवला होता. त्यात खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला बाल्कनीची काच, आणि सोफा नेमका मागच्या भिंतीला चिकटवलेला. भिंतीलगत हे सगळे घुमणारे स्वर सगळ्यांत जोरात असतात.

नवऱ्याने कागदावर आकृती काढली, पट्टी घेतली आणि सोफा भिंतीपासून पावणेतीन फूट पुढे ओढला. अकराचा चौथा हिस्सा. तिथे १०२ चा जोर पडतो. मी बसले. तंबोरा परत तंबोरा झाला. पुन्हा मागे सरकवला, पुन्हा बुंऽऽ. आम्ही दोघं त्या दुपारी सात-आठ वेळा तो सोफा पुढे-मागे ओढत होतो. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, घर बदलताय का म्हणून.

या पावणेतीन फुटांनी मला विचार करायला लावलं. ११ लाख ६० हजारांच्या वस्तूने जे बिघडवलं होतं, निदान माझ्या घरात, ते सोफा ओढून सुटलं. याचा अर्थ स्पीकर वाईट होते असा अजिबात नाही. पण आपल्याकडचे स्लॅबचे, काचेचे, फरशीचे हॉल हे आवाजाच्या दृष्टीने अत्यंत कठोर असतात, आणि शोरूमच्या खोलीत जाड गालिचा, पडदे, भिंतीवर कापडाच्या चौकटी असतात. तिथे ऐकलेला आवाज विकत मिळत नाही. तो खोलीसकट मिळाला तरच मिळतो. मोठ्या कंपन्यांना हे चांगलं माहीत आहे. बँग अँड ओलुफ्सेनने २०१५ मध्ये नव्वदाव्या वर्षानिमित्त बिओलॅब ९० काढला: एका स्पीकरात १८ ध्वनियुनिटं, ८,२०० वॉट, वजन १३७ किलो, आणि जोडीची किंमत अर्ध्या कोटीच्या पुढे. त्यातलं सगळ्यांत मोठं कौतुक कशाचं, तर तो मायक्रोफोनने तुमची खोली मोजतो आणि तिच्या खोडी ओळखून आवाज तसा वळवतो. पैसे तिथेही शेवटी खोलीशी झुंजण्यातच जातात.

मी कपाटातून घोंगडं काढलं. माहेरचं, काळं, धनगरी, हाताला खरखरीत. ते मागच्या भिंतीला टांगलं. जमिनीवर जाड सतरंजी. स्पीकरांच्या मधल्या उघड्या भिंतीशी पुस्तकांचं कपाट आणलं, पुस्तकं कमी-जास्त खोल ठेवली. खर्जाला घोंगड्याने फरक पडत नाही, त्याच्या लाटा फार लांब. पण बाईंच्या तानांना जो काचेसारखा खणखणाट येत होता तो निम्म्याने गेला.

स्पीकर आमच्याकडे चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा मित्र त्याच्याकडचे साधे लाकडी स्पीकर घेऊन आला, ॲम्प्लिफायरसकट ५२ हजारांचे, आठ वर्षं वापरलेले. चौकोनी खोकी, काळी जाळी. आणि मग आम्ही आईची एक जुनी व्हॉइलची साडी हॉलमध्ये दोरीवर आडवी टांगली. व्हॉइल इतकं विरळ की आवाज त्यातून आरपार जातो, दिसत मात्र काही नाही. साडीमागे दोन्ही जोड्या. नवरा मागे बसून अदलाबदल करणार, पुढे मी, धाकटी बहीण आणि तिची मुलगी कागद-पेन घेऊन. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दोन्हींचा आवाज फोनवरच्या मापकाने अगदी सारखा केला. जरासा मोठा वाजणारा स्पीकर माणसाला नेहमी चांगला वाटतो. दुकानात दोन स्पीकर शेजारी ऐकताना हे कुणी जुळवून देत नाही.

ही कल्पना माझी नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये चाळीस श्रोत्यांना बसवून चार स्पीकर ऐकवले, पडद्याआड आणि डोळ्यांदेखतही. दिसायला लागल्यावर गुण बदलले. मोठे, भारदस्त स्पीकर वर गेले, आणि प्लास्टिकचा छोटा स्वस्त संच, जो पडद्याआड चांगले गुण घेत होता, तो खाली आला. श्रोते हर्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच होते, या धंद्यातले.

आमच्या साडीआडच्या परीक्षेत मी बारा वेळा ऐकलं. तबला, मोठा वाद्यमेळ, सतारीचा "झाला" (शेवटचं जलद, झंकारतं वादन), यांत मी जवळजवळ प्रत्येक वेळी महागड्यालाच पसंती दिली. फरक खरा होता आणि तो मी नाकारणार नाही: बायाँवरचं, म्हणजे डग्ग्यावरचं, बोट चामड्यावर घासत पुढे जातं ती मींड महागड्यात गोल, भरीव, हाताने धरता येईल अशी, खोक्यांत तिचा नुसता आकार. बाईंच्या गाण्यावर मात्र माझे गुण निम्मे-निम्मे पडले. बहिणीने तर खोक्यांना जास्त दिले. आणि पंख्याची "टक", तो स्वयंभू गांधार, सगळं खोक्यांतूनही येत होतं. अकरा लाखांनी मला ते पहिल्यांदा दाखवलं, हे खरं. पण एकदा दिसल्यावर ते कुठूनही दिसायला लागलं. नंतर मी तेच रेकॉर्डिंग साध्या हेडफोनवर लावलं, तिथेही "टक" होती. तेव्हा मला कळलं की मी आजवर बाईंची कॅसेट नेहमी फोडणी टाकताना ऐकत आले होते. डोळे मिटून, दुसरं काही न करता, पहिल्यांदा बसले ती त्या दुकानात.

माणसाच्या आवाजासाठी थोडक्यात काय भागतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. बीबीसीच्या इंजिनिअरांनी १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा एक छोटा स्पीकर तयार केला, एलएस ३/५ए. बुटांच्या खोक्याएवढा, दिसायला अगदीच सामान्य. त्याला खालचे स्वर फारसे झेपत नाहीत, पण निवेदकाचा आवाज त्यातून निवेदकाचाच वाटला पाहिजे, यावर त्यांनी सगळा जीव लावला. आजही जुन्या जोड्या लोक शोधून शोधून घेतात.

मला विचाराल तर, एका मर्यादेपर्यंत वाढणारा पैसा आवाजात उतरतो, आणि ती मर्यादा शोरूमवाले सांगतात त्यापेक्षा बरीच लवकर येते. त्यापुढचा पैसा ॲल्युमिनियमच्या कडेत, कुशल हातांत, कमी संख्येने बनवण्यात, आयातकरात आणि दक्षिण मुंबईतल्या भाड्यात जातो. यातल्या कुशल हातांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सुंदर वस्तू घरात असावी, रोज तिच्यावरून हात फिरवावा, या इच्छेला मी चैन म्हणून हिणवणार नाही. आईच्या क्रोशाच्या गोंड्यांनी रेकॉर्ड चांगली वाजत नव्हती, म्हणून ते गोंडे निरुपयोगी होते का? माझा राग येतो तो या सौंदर्याचे पैसे आवाजाच्या नावाखाली मागितले जातात तेव्हा. कड सुंदर आहे म्हणून घ्या, असं म्हणा ना सरळ. मी कदाचित घेतलीही असती.

आणि टिकण्याचा हिशेब कुणीच बोलत नाही. दादाचं बिओग्राम आजही चालतं. मधे दोनदा उघडून, भाग बदलून, तेल घालून. २०२० मध्ये कंपनीने स्वतःच जुनी ९५ बिओग्राम ४००० गोळा करून, दुरुस्त करून नव्याने विकायला काढली होती. अर्ध्या शतकानंतर उघडून पुन्हा जिवंत करता यावी, अशी ती वस्तू मुळातच घडवलेली. त्याच दादाने आठ-नऊ वर्षांपूर्वी एका कंपनीचा बिनतारी, शिल्पासारखा दिसणारा स्पीकर घेतला. फोनवरच्या ॲपशिवाय तो चालूच होत नसे. मग एका वर्षी ॲप बंद झालं. स्पीकर आतून ठणठणीत आहे, पण मुका. लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने उलटा करून पाहिला, कुठे स्क्रूच नाही, सगळं डिंकाने जोडलेलं. "साहेब, याला फोडावं लागेल," म्हणाला. दादाने तो घरी नेऊन ठेवला आहे. ८१ वर्षांचा माणूस, रोज त्याच्यावरची धूळ पुसतो.

चौथ्या दिवशी मी दुकानात फोन करून सांगितलं, घेऊन जा. टेम्पो आला तेव्हा नवरा म्हणाला, बघ हं, पुन्हा विचार कर. मी विचार केलाच होता. मित्राची खोकी मी त्याच्याकडून विकत घेतली. सोफा भिंतीशीच राहिला, कारण हॉलच्या मधोमध सोफा ठेवून नांदता येत नाही. संध्याकाळी सातला मी आरामखुर्ची पावणेतीन फुटांवरच्या खुणेवर ओढते, फरशीवर पेन्सिलने फुली केली आहे.

दिवाळीनंतर मी मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीत आमच्या लहानपणीच्या ओळखीच्या एका घरात आता तिसरी पिढी कामाला बसते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कागद त्यांनी फ्रेम करून लावलाय. दारात पंढरपूरकडून आलेले भोपळे उलटे वाळत पडलेले, प्रत्येकावर खडूने आकडा. मी काळी चारचा तंबोरा सांगितला. त्या घरातले कारागीर चाचा म्हणाले, "ताई, चार महिने लागतील." मी म्हटलं, लागू द्या.

मार्चमध्ये जवारीच्या दिवशी मी मुद्दाम गेले. चाचा जमिनीवर मांडी घालून, तंबोरा आडवा मांडीवर. घोडीचा माथा कानशीने एकदा, दोनदा, अगदी एखाद्या श्वासाइतकाच घासायचा, फुंकर मारायची, तार चढवायची, छेडायची. तार घोडीच्या माथ्यावर कुठे टेकते आणि कुठून सुटते, यावर सगळं. मग घोडी आणि तारेच्या मध्ये सुताचा धागा सारायचा आणि नखाने केसभर मागे, केसभर पुढे. एका जागी तार बसकी, आंधळी. तिथून तांदळाच्या निम्म्याने धागा पुढे सरकला आणि तारेतून सगळे नाद एकदम फुटले, आणि विरता विरता गांधार. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. धाग्याची किंमत काहीच नाही. हाताची किती लावायची ते मला माहीत नाही.

मग त्यांनी विचारलं, भोपळ्यावर पानं कोरायची का, गळ्याला वेलबुट्टी हवी का. पूर्वी हस्तिदंताची करायचे, आता प्लास्टिकची पट्टी कापून बसवतात. नऊ हजार जास्त पडतील, महिनाभर आणखी लागेल, "आणि ताई, आवाजाला त्याचा काही फरक नाही, आधीच सांगतो."

मी म्हटलं, कोरा.

तंबोरा एप्रिलमध्ये घरी आला, मागच्या सीटवर आडवा, डोकं बहिणीच्या मांडीवर. आता तो पुस्तकांच्या कपाटाशेजारी कोपऱ्यात उभा असतो. संध्याकाळी मी गवसणी काढते, आधी तो लावते, मग परत उभा करते आणि खुर्ची फुलीवर ओढून बाईंची कॅसेट लावते. कॅसेटीची गती भाच्याने अचूक काळी चारला जुळवून दिली आहे. परवा भूप चालू असताना दाराची बेल वाजली म्हणून मी मधेच बंद केलं. स्पीकर गप्प झाले. कोपऱ्यात, कुणीही हात न लावलेल्या तारा अजून वाजत होत्या.